कललेली अक्षरे

पनवेलच्या घरी दिवाळीची झाडलोट करताना माळ्यावर दोन कागद सापडले. एक जुनी इंग्रजी लग्नपत्रिका, दुसरे आजोबांचे मोडी पत्र.

पत्रिकेची अक्षरे नाजूक, उजवीकडे कललेली, इटालिक. हे वळण हस्ताक्षरावरून घेतलेले. १५०१ साली व्हेनिसच्या आल्डसने त्यात अख्खा व्हर्जिल छापला. आज ते ग्रंथनामाला किंवा जोर द्यायच्या शब्दाला लावतात.

गंमत अशी, की आमची मोडीही धावत्या हाताचीच. केरीचा मराठी कोश १८१० साली श्रीरामपूरला मोडी खिळ्यांत छापला होता. पुढे छापखान्यांनी बाळबोध पत्करली आणि मोडी मागे पडली.

म्हणून परक्यांची पत्रिका मी घडाघडा वाचली. आजोबांचे पत्र मात्र नुसते उलटसुलट धरून पाहिले. यंदा पाडव्याला मोडीची बाराखडी गिरवायला बसणार आहे.