ओंजळभर पाला आणि एक अंडं

"शेवग्याच्या पाल्यात अंड्याच्या दुप्पट प्रथिनं असतात. कोथिंबीर तर तुमच्याकडे बांधावर पडून असते. मग अंड्यांचा हट्ट कशाला, मॅडम?"

शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत आलेल्या एका पाहुण्यांनी हे विचारलं आणि समोर बसलेल्या बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. आता काही महिने उलटले तरी ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. बोलणारा माणूस वाईट नव्हता. मुलांचं भलं व्हावं असंच त्यांना वाटत होतं, म्हणून तर ते जास्त लागलं.

आमची शाळा निफाड तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी. मुलं साठच्या आसपास. बहुतेकांचे आईवडील द्राक्षबागांत कामाला, त्यातली बरीच कुटुंबं पेठ-सुरगाण्याकडून आलेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचा शासन निर्णय झाला. जे खात नाहीत त्यांना केळं किंवा गावात मिळेल ते फळ. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांचा निधी थांबला. ज्या शाळांना अंडी द्यायची आहेत त्यांनी ती लोकसहभागातून द्यावीत, असं ठरलं. ही सभा त्यासाठीच होती. अंड्यांच्या ट्रेचे पैसे कोण देणार, एवढाच विषय होता.

पाहुण्यांनी मोबाइलवरचं एक चित्र सगळ्यांना दाखवलं. एका बाजूला शेवग्याची डहाळी, दुसऱ्या बाजूला अंडं, मध्ये आकडे. पाल्याखाली २५ ग्रॅम, अंड्याखाली १३ ग्रॅम. दोन्हीखाली बारीक अक्षरात 'दर १०० ग्रॅम'. चित्र हातोहात फिरलं. आमच्या परसबागेत शेवग्याची दोन झाडं आहेत, मेथी, पुदिना, कोथिंबिरीचे वाफे आहेत, आणि कोथिंबिरीचा भाव पडला की शेजारचे शेतकरी जुड्या आणून टाकतात. त्यामुळे सगळ्यांना वाटलं, प्रश्न सुटला. पैसे गोळा करायला नकोत, कोणाच्या भावना दुखवायला नकोत. एक पालक म्हणाले, "मग ठीकच आहे की, मॅडम." विषय तिथेच मिटायला लागला होता.

मी उठून आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना स्वयंपाकघरातला काटा आणायला सांगितलं. रोजचा तांदूळ त्यावरच मोजतो. मावशींनी शेवग्याच्या दोन डहाळ्या तोडल्या, देठ बाजूला करून पानं ओढून काढली आणि ओंजळभर पाला काट्यावर ठेवला. वजन भरलं जेमतेम २० ग्रॅम.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले. त्यांत शेवग्याच्या ताज्या पाल्यात १०० ग्रॅमला सुमारे साडेसहा ग्रॅम प्रथिनं आहेत, कोथिंबिरीत साडेतीन आणि अंड्यात तेरा. म्हणजे ती ओंजळ सव्वा ग्रॅमची. एका अंड्यातून मुलाला सहा ग्रॅम मिळतात. तेवढ्यासाठी एकेका मुलाला नव्वदेक ग्रॅम निवडलेला पाला खावा लागेल, साठ मुलांना साडेपाच किलो. डहाळीसकट नव्हे, नुसती पानं. कोथिंबिरीचा हिशोब केला तर दहा किलोच्या वर जातो. हे निवडणार कोण? आमच्या मावशी, ज्यांना महिन्याला अडीच हजार मानधन मिळतं आणि ज्या सकाळपासून धुराच्या तोंडाशी असतात. आणि खाणार कोण? पहिलीतलं सहा वर्षांचं पोर. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी भाजीचं ठरलेलं प्रमाणच दिवसाला ५० ग्रॅम आहे. ते सगळेच्या सगळे ५० ग्रॅम शेवग्याचेच घातले तरी प्रथिनं अर्ध्या अंड्याएवढी.

मग चित्रातले २५ ग्रॅम आले कुठून? ते वाळवलेल्या पाल्याच्या पुडीचे होते. पाला वाळला की पाणी उडतं आणि उरलेल्या वजनात सगळंच दाट होतं. त्यात खोटं काही नाही. पण अंड्यातही तीन चतुर्थांश पाणीच असतं. अंडं वाळवून त्याची भुकटी केली, बेकरीवाले वापरतात तशी, तर तिच्यात १०० ग्रॅमला ४७-४८ ग्रॅम प्रथिनं भरतात. एकाला वाळवायचं, दुसऱ्याला ओलं ठेवायचं आणि मग तराजूत घालायचं, याला तुलना म्हणत नाहीत. शिवाय १०० ग्रॅम पुडी कोण खातं? चमचाभर आमटीत घालतात, त्यातून मिळतात दीड-दोन ग्रॅम. ताज्या पाल्याची दह्याशी तुलना केली असती तर 'दुप्पट' हा शब्द योग्य ठरला असता. कोणीतरी दह्याच्या जागी अंडं बसवलं की काय, तेही मला त्या दिवशी वाटून गेलं.

मी हे सगळं सभेत मांडलं. पाहुणे शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, आकड्यांचं सोडा. आपले पूर्वज पालाच खाऊन धडधाकट होते ना?" यावर काय बोलायचं? माझ्यासमोर बसलेल्या बायांचे पूर्वज सुरगाण्याच्या डोंगरात राहत होते. ते पाला खात होते, तसे नदीतले मासे, खेकडे, रानातलं सावज आणि कोंबड्यांची अंडीही खात होते. यांच्या ताटातून एक वस्तू काढून घ्यायची आणि तुमच्या पूर्वजांना ती नकोच होती असं सांगायचं, हे मला सहन होत नाही. आणि हे सांगणारा माणूस स्वतः रोज दूध, दही, पनीर, डाळ, सुकामेवा खाऊ शकतो. त्याला एका अंड्याने काही फरक पडत नाही. ज्या घरात संध्याकाळी भात आणि चटणी असते, तिथे पडतो.

सभेत एक माळकरी आजोबा होते. त्यांचा नातू तिसरीत आहे, तो केळंच घेतो. ते म्हणाले, "आमच्या घरात अंडं येत नाही, येणारही नाही. पण दुसऱ्याच्या पोराच्या ताटात काय असावं हे मी सांगणार नाही. माझ्याकडून एक ट्रे धरा." मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण या रागाच्या भरात मी काही दिवस पाल्याचं नावही काढू देत नव्हते आणि तेही बरोबर नव्हतं. अंड्यात क जीवनसत्त्व अजिबात नाही. तंतूही नाहीत. एका अंड्यात कॅल्शियम २५ मिलीग्रॅमच्या आसपास, तर त्याच २० ग्रॅमच्या ओंजळीत साठाच्या वर. शेवग्याच्या पाल्यात क जीवनसत्त्व १०० ग्रॅमला शंभर मिलीग्रॅमच्या पुढे आहे, कोथिंबिरीत वीसच्या पुढे. अंड्यातलं लोह शरीराला नीट शोषता येत नाही, आणि जेवणातल्या लोहाला शोषून घ्यायला मदत करतं ते हेच क जीवनसत्त्व. आमच्या मुलांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या तर कित्येकांच्या पांढुरक्या दिसतात. त्यांना पाला हवाच. उलट बी-१२ कुठल्याच पालेभाजीत नाही, ते अंड्यात आहे. पाल्यातल्या कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व व्हायला आधी ते शोषलं जावं लागतं आणि त्यासाठी स्निग्ध पदार्थ लागतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की कच्च्या भाज्यांबरोबर शिजलेली अंडी खाल्ली तर भाज्यांतली कॅरोटिनॉइडं कितीतरी जास्त शोषली जातात. म्हणजे ज्यांना आपण तराजूच्या दोन पारड्यांत बसवत होतो, ती दोन्ही एकाच ताटात हवी होती.

आणि खरं बोलायचं तर आठवड्याला एक अंडं म्हणजे तरी काय? सहा ग्रॅम भागिले सात. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १६ ग्रॅम प्रथिनं लागतात. खिचडीतली मूगडाळ रोज जे देते, त्यापुढे आठवड्यातून एकदाचं अंडं फार मोठं नाही. रात्री वही घेऊन हिशोब करायला बसले तेव्हा हा आकडा समोर आला आणि मी गप्प झाले. एवढ्यासाठी का भांडलो आपण? पण अंड्याच्या बुधवारी पोरं सकाळी फाटकातच विचारायची, "बाई, आज अंडं हाये ना?" बागेवर आईबरोबर जाणारी, एरवी घरून बोलावून आणावी लागणारी मुलंही त्या दिवशी हजर असायची. हे कुठल्या तक्त्यात लिहायचं मला माहीत नाही. आठवड्याला एक पुरत नाही, म्हणून ते बंद करायचं नसतं. वाढवायचं असतं.

पालेभाजी वापरायच्या दोन गोष्टी मात्र आम्ही तेव्हापासून बदलल्या आणि इतर शाळांनीही बदलाव्यात. कोथिंबीर आता फोडणीत पडत नाही. खिचडीचं पातेलं उतरवल्यावर, वाढायच्या आधी कच्ची, बारीक चिरून, मूठमूठभर पडते, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व जातं. शेवग्याचा कोवळा पाला डाळीबरोबर शिजतो, वर लिंबू पिळतो. आधी मुलं हिरवं वेचून ताटाच्या कडेला लावायची. बारीक चिरल्यावर वेचता येत नाही, आता खातात. कोथिंबिरीची जुडी आणणाऱ्या शेतकऱ्यांना मी सांगितलं आहे की भाव पडल्यावरच नव्हे, भाव असतानाही दोन जुड्या शाळेच्या नावाने काढा. काहीजण काढतात.

अंड्यांचं सांगायचं तर द्राक्षाच्या हंगामात दोन बागायतदारांनी ट्रे दिले. हंगाम संपला, ट्रे थांबले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आजोबांचा एक ट्रे आला, तीस अंडी, मुलं साठ. मावशींनी विचारलं अर्धी-अर्धी करू का. मी नको म्हटलं, उरलेल्या ट्रेचे पैसे आम्ही दोघी शिक्षिकांनी घातले. हे दर आठवड्याला जमणार नाही, आणि जमलं तरी शिक्षकांच्या खिशातून मुलांनी जेवावं ही व्यवस्था मला मान्य नाही. ज्या मुलाला हक्काचं म्हणून एक अंडं मिळत होतं, त्याने ते आता कोणाच्या तरी दानावर खावं आणि शाळेच्या फलकावर दात्याचं नाव वाचावं, हे मला पटत नाही.

पुढच्या सभेचा अजेंडा मी लिहून ठेवला आहे. पहिला विषय, अंड्यांचा निधी पुन्हा सुरू करावा म्हणून समितीच्या सह्यांचं निवेदन. दुसरा, परसबागेत शेवग्याची आणखी दोन झाडं. दोन्ही ठराव मीच मांडणार आहे.