यादीत नसलेले नाव

लग्न कसे जमवावे आणि संघ कसा निवडावा, या दोन विषयांत अडाणी असलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. आमच्या सोनईत राज्य उसाचे आणि कबड्डीचे. फुटबॉल इथे येतो तो टीव्हीवरून. तरीही २०२५ च्या ऑक्टोबरात, दिवाळी आठवड्यावर आली असताना, गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर सिंगापूरने आपल्याला २-१ असे हरवले आणि आशिया चषकाची वाट बंद झाली, तेव्हा चहाच्या टपरीवर प्रशिक्षक खालिद जमील यांची यथेच्छ धुलाई झाली.

ऑगस्टमध्ये त्यांनी सुनील छेत्रीला वगळले, तेव्हा हीच मंडळी हळहळली होती. संघ मध्य आशियातल्या स्पर्धेत तिसरा आला, तेव्हा गप्प बसली. ऑक्टोबरात छेत्रीला परत बोलावले, तर म्हणाली, "एक्केचाळिसाव्या वर्षी कशाला पळवता बिचाऱ्याला?" निकालानंतरचे शहाणपण हे दिवाळी सरल्यावरच्या आकाशकंदिलासारखे, फार स्वस्त मिळते.

म्हणून टीकाच करू नये की काय? छे! अवश्य करावी, पण निकालाला नव्हे, कारणाला धरून.

जमील यांच्या आधी क्रोएशियाचे इगोर स्टिमॅक पाच वर्षे प्रशिक्षक होते. २०२२ साली अफगाणिस्तानशी सामना होता, तेव्हा त्यांनी खेळाडूंची नावे एका ज्योतिषाकडे पाठवली होती, अशी बातमी पुढच्या वर्षी वृत्तपत्रात आली. शनिशिंगणापूर आमच्यापासून दोन कोसांवर. ग्रहांची थट्टा करण्याची माझी छाती नाही. शिवाय तो सामना आपण २-१ असा जिंकलोही! पण २०२४ च्या मार्चात त्याच अफगाणिस्तानाने गुवाहाटीत त्याच २-१ ने आपल्याला हरवले, आणि जूनमध्ये स्टिमॅक गेले.

याच्या उलट सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचे हे गृहस्थ माझ्यासारखेच शाळामास्तर. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडले. रहीमसाहेबांनी त्याला घरी बसवले नाही. बचावातून काढून आघाडीला खेळवले. अंतिम सामन्यात त्याने गोल केला, दक्षिण कोरिया २-१ ने हरला आणि सुवर्णपदक आपले झाले. हरलो असतो, तर रहीमसाहेबांना लोकांनी वेड्यात काढले असते. पण तरीही त्या निवडीमागे माणसाची पारख उरलीच असती.

शाळेच्या कबड्डी संघाची यादी फळ्यावर लागते, तेव्हा निवडलेली पोरे आरडाओरडा करीत पळतात. ज्याचे नाव नसते, तो मात्र यादी पुन्हापुन्हा वाचत उभा राहतो. "तुझे ग्रह बरे नाहीत," असे त्याला सांगितले, तर तो बिचारा काय करील? "बाळा, तुझा दम कमी पडतो," असे सांगितले, तर उद्या पहाटे कालव्याच्या कडेने धावायला जाईल.

छेत्रीला का घेतले, हे विचारायचेच असेल, तर असे विचारावे, की त्याची जागा घेणारा पोरगा देशात का सापडत नाही? आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? हा प्रश्न एकट्या प्रशिक्षकाला पुरणारा नाही. तो प्रत्येक गावातल्या मैदानापर्यंत, आणि फळ्यासमोर अजून उभ्या असलेल्या त्या पोरापर्यंत येऊन पोचतो.