उचल

दसरा झाला की आमच्याकडच्या वाड्या-वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. ट्रक, ट्रॅक्टर भरून माणसं कारखान्याला जातात, ती मार्च-एप्रिलला परत. बीड जिल्ह्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. मी आयटीआयला वेल्डर ट्रेडचा निदेशक होतो. वर्षभर शिकवलेली पोरं नोकरीला जाणार का फडात, हे दसऱ्याच्या आसपासच ठरायचं आणि माझा जीव वर-खाली व्हायचा.

आठेक वर्षांपूर्वी एक पोरगं होतं. आई-बाप दोघं ऊसतोड. हात इतका स्थिर की त्याचा जोड मी पुढच्या बॅचला दाखवायला ठेवून घेतला होता. चाकणच्या एका कंपनीनं कॅम्पसला त्याला पहिल्या झटक्यात उचललं. आम्ही पेढे वाटले, बातमीही छापून आणली. आणि नवव्या दिवशी पोरगं गावात परत!

मी त्याला स्टँडवर गाठून चारचौघांत बोललो. "तुम्हाला कोयताच पाहिजे, चांगलं काही पचतच नाही." हे मीच बोललोय, लिहिताना आजही लाज वाटते. तो खाली मान घालून उभा राहिला. चार दिवसांनी भावाच्या टोळीत अर्धा कोयता म्हणून निघून गेला.

खरं काय झालं ते नंतर त्याच्या आईनं सांगितलं. घरून निघताना खिशात 1,800 रुपये. खोलीत सहा जण, तरी डिपॉझिट आधी. मेसवाल्यालाही आगाऊ पाहिजे. सेफ्टी शूज स्वतःचे. हा रुजू झाला 12 तारखेला आणि पगार पुढच्या महिन्याच्या 10 ला. चार दिवस वडापाववर, मग एकवेळ, मग खोलीवरच्या पोरांकडं मागायची लाज. "सर, उपाशी मशीनवर उभं राहवंना त्याला," आई म्हणाली. मला कुठं बघावं कळेना.

आणि इकडं मुकादम दारात उभा. रोख पैसे, हातावर, कामाच्या आधी. त्याला मी चांगला म्हणत नाही. उचल फिटत नाही म्हणून दरवर्षी त्याच टोळीत जाणारी घरं मी बघितली आहेत. पण गरीब माणसाला पैसे काम सुरू व्हायच्या आधी लागतात, हे त्याला बरोबर कळतं. आम्हा शिकवणाऱ्यांना आणि मदत वाटणाऱ्यांना ते कळत नव्हतं.

आता बघा, योजना नाहीत असं नाही. ॲप्रेंटिस कायदा 1961 पासून आहे. 2024 ला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीवाल्याला महिना 6,000, आयटीआय-डिप्लोमावाल्याला 8,000, पदवीधराला 10,000. चांगलंच आहे. पण हे सगळं महिना भरल्यावर. देणगीदारांचं तर विचारूच नका. शिलाई मशीन, टूलकिट, मागं बॅनर, पुढं फोटो. किट घेऊन पोरगं चाकणला झोपणार कुठं, हे कोणी विचारत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांना ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी उमगली होती. 1919 ला रयत शिक्षण संस्था काढली, पण त्यांचा खरा भर वसतिगृहावर. पोराच्या पोटाची सोय आधी, मग फळा. त्या पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पाबळच्या विज्ञान आश्रमातही 1983 पासून पोरं राहूनच वेल्डिंग, वायरिंग, शेती शिकतात. राहण्या-खाण्याचा प्रश्न सोडवूनच ही कामं उभी राहिली.

मी रिटायर झाल्यावर आम्ही पाच जणांनी एक साधा हिशोब सुरू केला. दोन निदेशक, एक हार्डवेअर दुकानदार, एक डॉक्टर, एक एसटीतले कंडक्टर. नाव नाही, पावती पुस्तक नाही, एक वही आहे. नोकरी लागलेल्या पोराला पहिल्या पगारापर्यंत 9,000 रुपये, बिनव्याजी. आम्ही त्याला उचलच म्हणतो, पोरं हसतात. फेडायची ती पगारातून, जमेल तशी. आतापर्यंत 17 जणांना दिली. 11 जणांनी पूर्ण फेडली, चौघांची चालू आहे. दोघं फोन उचलत नाहीत. असू द्या. कंडक्टर मात्र अजून चिडून आहेत त्या दोघांवर.

यंदा अडचण वेगळी आहे. पहिल्यांदा दोन मुली आहेत, एक इलेक्ट्रिशियन, एक फिटर. दोघींना चाकणलाच काम लागलंय. पैसे आहेत, खोली नाही. पोरांसारखं सहा जणांत कुठंही पथारी टाकून त्यांना भागणार नाही, आणि घरचे म्हणतात, ओळखीचं घर दाखवा तरच पाठवतो. एकीच्या वडलांनी मुकादमाला अजून शब्द दिलेला नाही. दसऱ्यापर्यंत थांबतो म्हणालेत.

चाकण, राजगुरुनगर, आळंदी भागात आपल्यापैकी कोणाचं घर असेल, वरची खोली रिकामी असेल किंवा खात्रीचं लेडीज हॉस्टेल माहीत असेल तर मला मेसेज करा. भाडं आम्ही देऊ, डिपॉझिटसुद्धा. मुली 1 तारखेला रुजू व्हायच्या आहेत.