रुपेरी खोकड : रंगाचा वारसा आणि स्वभावाचा वारसा

मराठीत 'कोल्हा' म्हटले की कळपाने ओरडणारा सोनेरी कोल्हा डोळ्यांसमोर येतो, आणि माळरानावर बिळे करून राहणाऱ्या, काळ्या टोकाच्या झुबकेदार शेपटीच्या लहान प्राण्याला 'खोकड' म्हणतात. म्हणून ज्या प्राण्याला जगभर 'सिल्व्हर फॉक्स' या नावाने ओळखले जाते, त्याला मराठीत रुपेरी खोकड म्हणणे अधिक योग्य ठरते. हा प्राणी मात्र स्वतंत्र जातीचा नाही. उत्तर अमेरिका, युरोप आणि आशियाच्या मोठ्या भागात, आपल्याकडे हिमालयातही आढळणाऱ्या तांबड्या खोकडाचेच ते एक रंगरूप आहे. त्याचे अंग काळे असते, वरच्या राठ केसांवर टोकाच्या अलीकडे पांढरा पट्टा असल्याने त्या काळ्यावर रुप्याची झाक येते, आणि शेपटीचे टोक तांबड्या भावंडाप्रमाणेच पांढरे राहते.

हा रंग दोन वेगवेगळ्या जनुकांतील बदलांपैकी कोणत्याही एकाने येऊ शकतो. त्यांपैकी कॅनडाच्या पूर्व भागातून आलेला आणि पुढे फरसाठी पाळलेल्या खोकडांत सर्वाधिक पसरलेला प्रकार 'अप्रभावी' आहे, म्हणजे आई आणि वडील या दोघांकडून बदललेले जनुक मिळाले तरच पिल्लू रुपेरी होते. एकाकडूनच मिळाले तर ते तांबडेच दिसते, क्वचित किंचित गडद, पण रुपेरी रंगाचा वारसा अंगात दडवून ठेवते.

या दडलेल्या वारशाचा माणसाच्या हव्यासाशी कसा संबंध आला, हे पूर्व कॅनडातील लॅब्राडॉरमधील कातड्यांच्या जुन्या व्यापारी नोंदींवरून कळते. प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी त्या नोंदी गोळा केल्या आणि त्यांच्या आधारे जे. बी. एस. हाल्डेन यांनी (आयुष्याची अखेरची वर्षे भारतात काढणारे आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निधन पावलेले हेच ते शास्त्रज्ञ) १९४२ साली असे दाखवले, की पकडलेल्या खोकडांमधील रुपेरी खोकडांचे प्रमाण सुमारे शंभर वर्षांत १६ टक्क्यांच्या आसपासहून ५ टक्क्यांच्या आसपास घसरले होते. रुपेरी कातड्याला तांबड्याच्या कितीतरी पट भाव मिळत असल्यामुळे त्याची शिकार थोडी जास्त होत राहिली, आणि दरवर्षीचा हा थोडासा फरकच एका रंगाला रानातून मागे रेटण्यास पुरेसा ठरला. निसर्गनिवडीचे गणित प्रत्यक्ष नोंदींवर ताडून पाहणाऱ्या आरंभीच्या उदाहरणांत याची गणना व्हायला हवी.

रानात घटलेला हा रंग पिंजऱ्यात मात्र वाढला. कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावर चार्ल्स डाल्टन आणि रॉबर्ट ऊल्टन यांनी १८९० च्या दशकात रुपेरी खोकडांची पैदास साधली, १९१० च्या सुमारास लंडनच्या बाजारात उत्तम कातड्याला हजार डॉलरहून अधिक भाव मिळू लागला, आणि तिथल्या जोड्यांची संतती पुढे युरोप व रशियातील फरच्या पैदासकेंद्रांत पोहोचली.

जनुकशास्त्रज्ञ दिमित्री बेल्याएव यांनी १९५९ साली रशियातील नोव्होसिबिर्स्क येथे खोकड माणसाळवण्याचा जो प्रयोग सुरू केला आणि ल्युदमिला त्रूत यांनी पुढे अनेक दशके चालवला, तो याच पिंजऱ्यातील संततीवर होता. प्रत्येक पिढीतील पिल्लांपैकी माणसाला सर्वांत कमी घाबरणारी आणि कमीत कमी चावरी अशी मोजकीच पैदाशीसाठी ठेवली जात. रंगाचा विचार नव्हता. काही पिढ्यांतच शेपटी हलवत, कुईं कुईं करत माणसाचा हात चाटणारी पिल्ले जन्मू लागली. त्यांच्यात दिसलेले पांढरे ठिपके आणि लोंबते कान हे माणसाळण्याचेच परिणाम आहेत, या मताला २०१९ मध्ये आव्हान दिले गेले, कारण तसे ठिपके प्रिन्स एडवर्ड बेटावरील खोकडांत आधीपासूनच होते. हा आक्षेप सबळ आहे. मात्र निवडीमुळे स्वभाव बदलला, या मूळ निष्कर्षाला त्याने धक्का लागत नाही.

हौसेने पाळल्या जाणाऱ्या रुपेरी खोकडांबाबतचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे : कोणतेही रुपेरी खोकड या प्रयोगातल्या खोकडांसारखेच माणसाळलेले असते, असे मानले जाते. अमेरिकेत विकली जाणारी बहुतेक पिल्ले फरसाठी वाढवलेल्या वंशातील असतात आणि त्यांच्या पूर्वजांची निवड कातड्यासाठी झालेली असते, सलगीसाठी नव्हे. बाटलीने दूध पाजून वाढवलेले पिल्लू लहानपणी जवळ येते, पण वयात आल्यावर ते उग्र वासाच्या मूत्राने घरभर खुणा करते, जमीन उकरते, अन्न पुरून ठेवते आणि अनोळखी माणसापासून दूर पळते. यांतले काहीही दुर्गुण नाही. तो त्याचा धर्मच आहे. दोष असलाच तर त्याच्या रंगावरून त्याच्या स्वभावाची हमी देणाऱ्या विक्रेत्याचा.

कॅनडा आणि अलास्काच्या रानांत हा रंग अजून टिकून आहे. अंगात दडलेला वारसा बाळगणाऱ्या दोन तांबड्या खोकडांची जोडी जमली, तर सरासरीने त्यांच्या चार पिल्लांत एक काळेभोर निघते, आणि ते इतर तिघांबरोबर त्याच बिळात, त्याच आईचे दूध पिऊन वाढते.