ताऱ्यामागचा रोधक

नाताळ जवळ आला की धर्मग्रामातील तरुणांची लगबग सुरू होते. कोणी ताऱ्यासाठी बांबूच्या काड्या तासतो, कोणी कागद चिकटवतो, कोणी गोठ्यासाठी पेंढा आणतो. २०२२ सालच्या डिसेंबरात आम्हीही या लगबगीत उत्साहाने शिरलो आणि एक धडा घेऊन बाहेर पडलो. तो येथे प्रांजळपणे सांगावा असे वाटते.

गोठ्यावरील ताऱ्यात एलईडी दिवे बसवायचे ठरले होते. दिवे आले, १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर आला. जोडणीचे काम एका मुलाकडे होते. दहावीनंतर शिक्षण सोडून तो वायरमनच्या हाताखाली राबत असे. तो म्हणाला, "फादर, रेझिस्टर उद्या आणतो. त्याशिवाय दिवे लावू नका." आम्ही हसून उत्तरलो, "अरे, घरातली वीज २३० व्होल्टची! १२ व्होल्टने काय होणार? शाळेत लक्ष दिले असतेस तर हे कळले असते." भोवतालची मुले हसली. तो मान खाली घालून निघून गेला.

त्या रात्री आम्ही स्वतःच चार दिवे थेट अ‍ॅडॅप्टरला जोडले. क्षणभर ते डोळे दिपतील असे लखलखले. मग उरला जळका वास आणि काळोख.

इतरांचे पापनिवेदन ऐकण्याची आम्हांस सवय; स्वतःची चूक बोलून दाखविताना मात्र जीभ जड झाली. दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या घरी जाऊन म्हणालो, "काल सर्वांसमोर तुला बोललो ते चुकले. बरोबर तुझेच होते. आता समजावून सांग." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फादर, वाडीतल्या पाटावरचा बांध आठवा. पाणी माथ्यापर्यंत चढेतो थेंबही पलीकडे जात नाही, आणि माथ्यावरून थोडे चढले की लोंढा! एलईडीचे तसेच."

उपमा चपखल होती. तांबड्या एलईडीचा हा 'माथा' साधारण २ व्होल्टचा; पांढऱ्याचा सुमारे ३.२ व्होल्टचा, कारण पांढऱ्याच्या पोटात खरे तर निळा प्रकाश देणारा स्फटिक असतो आणि त्यावर पिवळ्या प्रकाशाचा लेप. माथा ओलांडला की दाब किंचित वाढताच प्रवाह कित्येक पटींनी वाढतो. जुन्या बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो व ती स्वतःला सावरते. एलईडी मात्र तापला की अधिकच प्रवाह ओढू लागतो. साध्या ५ मिलिमीटरच्या दिव्यास २० मिलिअँपिअरची मर्यादा. ती पाळण्याचे काम रोधकाचे, म्हणजेच रेझिस्टरचे.

हिशेब गेओर्ग ओहम यांच्या नियमाचा. १८१७ पासून ते कोलोन येथील, एकेकाळी जेझुइटांकडे असलेल्या विद्यालयात शिकवीत. त्यांचा नियम सांगणारा ग्रंथ १८२७ साली प्रसिद्ध झाला. हा नियम आम्ही शाळेत घोकला होता. त्या मुलाने तो हाताळला होता. पुरवठ्याच्या व्होल्टतेतून दिव्याची व्होल्टता वजा करावी व उरलेल्या आकड्यास हव्या त्या प्रवाहाने भागावे. ९ व्होल्टच्या बॅटरीवर एक तांबडा दिवा लावायचा तर उरतात ७ व्होल्ट. १५ मिलिअँपिअर, म्हणजे ०.०१५ अँपिअरने भागले की सुमारे ४६७ ओहम येतात. बाजारात मिळतो ४७० ओहमचा. त्यात जेमतेम ०.१ वॉट उष्णता होते, म्हणून पाव वॉटचा रोधक पुरतो.

ताऱ्यासाठी त्याने तीन-तीन पांढऱ्या दिव्यांच्या चार माळा केल्या. तिघांचे मिळून ९.६ व्होल्ट, उरले २.४, १५० ओहमच्या रोधकाने प्रवाह १६ मिलिअँपिअर. "एका माळेत चार का नकोत?" आम्ही विचारले. "१२.८ व्होल्ट लागतील, फादर. आपल्याकडे १२च आहेत." प्रत्येक माळेला स्वतंत्र रोधक कशासाठी, हेही त्याने सांगितले. दोन दिवे कधीच तंतोतंत सारखे नसतात. सर्व माळांना मिळून एकच रोधक दिला, तर ज्या माळेचा माथा जरा खाली तीच अधिक प्रवाह ओढते. दिव्याचा लांब पाय धन बाजूस, आखूड पाय ऋण बाजूस, हेही आम्हांस तेव्हाच कळले.

संध्याकाळी ज्या मुलांसमोर आम्ही त्याला हसलो होतो, त्यांच्याचसमोर आमची चूक सांगितली आणि बटण दाबण्याचा मान त्याला दिला. तारा उजळला. तो डोळे दिपवीत नव्हता, पण पुरते नाताळभर टिकला.

येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ताऱ्याचे कौतुक केले. मागे दडलेले चार रोधक कोणाला दिसले नाहीत. आमचे मात्र तिकडेच लक्ष जाई. आदल्या दिवशी आमच्या जिभेलाही असा एखादा रोधक असता, तर चार दिवे वाचले असते आणि एका मुलाची मान खाली गेली नसती.