जे परत आले नाहीत

अमेरिकेत येण्याआधी ‘फ्रॅटर्निटी’ हा शब्द मला फक्त हॉलिवूडच्या सिनेमांतून माहीत होता. मोठं घर, दारावर ग्रीक अक्षरं, हातात लाल प्लॅस्टिकचे ग्लास आणि पहाटेपर्यंत धिंगाणा. कॉलेज संपलं की हे सगळं संपत असणार, असं मी धरून चाललो होतो.

अटलांटात माझ्या शेजारी एक आजोबा राहतात. वय 74. बायको वारली, मुलगी दूर सिअ‍ॅटलला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ते घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडे माणसांची रीघ लागली. सोमवारी एक जण येऊन गवत कापून गेला. मंगळवारी दुसऱ्याने त्यांना फिजिओथेरपीला नेलं. गुरुवारी तिसरा जेवणाचं मोठं पातेलं घेऊन हजर. बहुतेक साठीच्या पुढचे, एखादा माझ्याहूनही लहान. कुणाच्या डोक्यावर काळी-सोनेरी टोपी, कुणाच्या अंगात त्याच रंगांचं जाकीट.

“गोतावळा मोठा आहे तुमचा,” मी म्हणालो.

“नातेवाईक नाहीत. फ्रॅटर्निटीतले भाऊ आहेत,” ते म्हणाले. “बावन्न वर्षं झाली मला.”

त्यांची फ्रॅटर्निटी म्हणजे अल्फा फाय अल्फा. 4 डिसेंबर 1906 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ती सुरू केली. गोऱ्यांच्या फ्रॅटर्निटींची दारं त्यांना बंद होती. पण आजोबांनी गोष्ट तिथून सुरू केली नाही. ते म्हणाले, “त्याच्या आधी सहा मुलं होती. 1904-05 मध्ये कॉर्नेलला आलेली. पुढच्या वर्षी त्यांतलं कुणीच परत आलं नाही. मागून आलेल्यांनी ते पाहिलं, आणि ठरवलं की आपण एकमेकांना धरून राहायचं. आधी नुसतं एकत्र बसून अभ्यास करायचे. मग त्यातून हे उभं राहिलं.”

मी मान डोलावली आणि घरी आलो. रात्री झोप येईना. मला एक निळी बादली आठवत होती.

आमच्या इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये आम्ही एका खोलीत चौघं. चौथा मराठवाड्यातल्या एका खेड्यातून आलेला. मॅथ्समध्ये आम्हा तिघांपेक्षा हुशार, पण इंग्रजीतलं लेक्चर डोक्यावरून जायचं. दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला आणि त्याला वायडी लागला. सुट्टीनंतर तो आलाच नाही. गादी, दोन पुस्तकं आणि निळी बादली खोलीतच राहिली. गादी ज्युनिअरने नेली. बादली आम्ही पुढची दोन वर्षं वापरली.

त्याला कुणी फोन केला नाही. मी तरी केला नाही. आधी वाटलं, येईल. मग वाटलं, आता काय बोलणार? मग विसरलो. आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ‘रूम नंबर 17 आणि कंपनी’. चौदा मेंबर. वाढदिवसाला केकचे इमोजी पडतात. दहा वर्षं झाली तेव्हा लोणावळ्याला रिसॉर्ट घेतला, टी-शर्ट छापले, ‘दोस्ती जिंदाबाद’ वगैरे. मी अमेरिकेतून व्हिडिओ कॉलवर होतो. त्याचं नाव त्या दिवशी कुणीही काढलं नाही.

पुढे मी आजोबांकडे वरचेवर जायला लागलो. ते नऊ वर्षं त्यांच्या शहरातल्या माजी विद्यार्थ्यांच्या चॅप्टरचे सेक्रेटरी होते. महिन्यातून एक बैठक, वर्षाची ठरलेली वर्गणी. मला हे जरा विचित्र वाटायचं. मैत्रीत कसली वर्गणी? आपल्याकडे तर मैत्रीत हिशोब नसतो, असं आपण छातीठोकपणे सांगतो.

त्यांनी एक जुनी वही दाखवली. वर्गणी थकलेल्यांची नावं.

“पैसे मागायला फोन करायचात?”

“पैसे हे निमित्त,” ते म्हणाले. “नेमाने भरणारा माणूस भरायचा थांबला, म्हणजे काहीतरी झालंय. कुणाची नोकरी गेलेली असते. कुणाची बायको आजारी असते. कुणी माझ्यावरच रागावलेला असतो. वर्गणीच नसती, तर तो गायब झालाय हे मला कळलं कसं असतं?”

आपल्याकडच्या भिशीचंही असंच असतं की, हे मला तेव्हा सुचलं. माझ्या आईच्या भिशीत एखादी बाई दोन महिने आली नाही, तर तिसऱ्या महिन्यात चौघी जणी तिच्या दारात उभ्या राहतात. आमच्या चौदा जणांच्या ग्रुपमध्ये कुणी सहा महिने गप्प असला, तर तो ‘बिझी’ असतो.

हे सगळं फार गोड आहे, असं मला म्हणायचं नाही. भाऊबंदकीच्या नावाखाली नव्या पोरांना मारहाण करणं, दारू पाजणं, यात अमेरिकेतल्या फ्रॅटर्निटींमध्ये पोरं मेलेली आहेत. 1990 मध्ये कृष्णवर्णीयांच्या या संघटनांनी प्लेजिंगची जुनी पद्धत अधिकृतपणे बंद केली, तरी चोरून प्रकार होतच राहिले. आजोबा हे लपवत नाहीत. “मीही मार खाल्ला, आणि नंतर दिलाही,” असं ते एकदा मान खाली घालून म्हणाले. आपल्याकडे 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, आणि तरी हॉस्टेलमध्ये ‘इंट्रो’ होतातच. त्या रात्रींनी मैत्री घट्ट होते, असं आम्हीही म्हणायचो. चौथ्याला इंग्रजीत ‘इंट्रो’ द्यायला लावून सगळा मजला हसला होता. मीही हसलो होतो.

मार्टिन ल्यूथर किंग 1952 मध्ये, बोस्टनला शिकत असताना, या फ्रॅटर्निटीत आले. वॉशिंग्टनमध्ये त्यांचं स्मारक व्हावं, ही कल्पना 1984 मध्ये याच फ्रॅटर्निटीतल्या काही जणांनी मांडली. परवानगीचा कायदा व्हायला 1996 उजाडलं आणि स्मारकाचं लोकार्पण 2011 मध्ये झालं. सत्तावीस वर्षं. कॉलेज कधीच सोडलेली माणसं इतकी वर्षं त्याच्या मागे लागून होती. आजोबांनी त्यासाठी वीस-वीस डॉलर गोळा केले होते. पण त्या स्मारकापेक्षा माझ्या लक्षात राहिली ती त्यांची एक साधी रीत. सदस्य वारला, तर तो ‘ओमेगा चॅप्टर’मध्ये गेला, असं ते म्हणतात. म्हणजे गेल्यावरही माणूस भावांच्या मोजणीत राहतो. आमचा चौथा जिवंत होता, आणि आम्ही त्याला मोजणं सोडून दिलं होतं.

नंबर मिळवायला तीन आठवडे लागले. त्याच्या जिल्ह्यातल्या एका वर्गमित्राकडून, मग त्याच्या मेव्हण्याकडून.

“कोण बोलतंय?”

मी नाव सांगितलं. खोली नंबर सांगितला. बराच वेळ काही आवाज नाही.

“बोल की. अमेरिकेत हायस म्हणं,” तो म्हणाला. त्याला माझं सगळं माहीत होतं. त्याचं तालुक्याच्या गावी खत-बियाण्याचं दुकान आहे, दोन मुली आहेत. पदवी त्याने नंतर बाहेरून पूर्ण केली, बी.ए.ची. मी सॉरी म्हणालो. तो म्हणाला, “राग नव्हता रे. मला वाटायचं, एखादा तरी फोन येईल. वर्षभर नंबर बदलला नाही मी.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मी त्याला ग्रुपमध्ये घेऊ का विचारलं. “ग्रुप नको,” तो म्हणाला. “तुला करायचा तर फोन कर.”

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी मोबाइलवर रिमाइंडर वाजतो. ही माझी वर्गणी. दुसऱ्या महिन्यात आमच्याकडे बोलायला काहीच नव्हतं, तर दहा मिनिटं पावसावर बोललो. गेल्या महिन्यात माझा मुलगा तापाने फणफणला होता आणि फोन करायचा राहून गेला.

सोमवारी सकाळी त्याचा मिस्ड कॉल होता. खाली मेसेज : “काय झालं? बरा हायस ना?”