भामरागडची व्हीसी

‘उद्या व्हीसी आहे’ असा निरोप आला की प्रस्तुत लेखक आधी एसटीची वेळ बघायचा. तो तेव्हा भामरागडच्या एका कचेरीत कारकून होता. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने प्रवास वाचतो म्हणतात. वाचायचा, पण मुंबईतल्या साहेबांचा. कॅमेरा जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणून कारकुनाने फायलींचं गाठोडं घेऊन आलापल्ली, आष्टी, चामोर्शी करत सुमारे 180 किलोमीटर तुडवायचे आणि आदल्या रात्रीच गडचिरोलीत मुक्कामाला पडायचं.

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, 1980 च्या दशकाच्या अखेरीस जिल्ह्याची ठिकाणं उपग्रहाने जोडायला घेतली, तेव्हा 1982 साली चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा स्वतःच पोरवयात होता. व्हीसी पुढे आली. गडचिरोलीतल्या व्हीसीच्या खोलीतला एसी लेखकाला आजही आठवतो. अंगावर शाल नसल्याचा पश्चात्ताप त्याला भर मे महिन्यात झाला होता. पडद्यावरच्या साहेबांनी मान वळवली की गालाचे दोन-चार चौकोन मागेच राहत. उपग्रह 36 हजार किलोमीटर उंचावर, त्यामुळे हाक वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद. त्यात यंत्रांचा वेळ वेगळा. ‘हो साहेब’ आणि साहेबांचा पुढचा प्रश्न एकमेकांवर आदळत. तीन तासांनी भामरागडची पाळी आली आणि दोन मिनिटांत संपली.

2020 च्या टाळेबंदीत त्या खोलीची गरजच संपली. लिंक व्हॉट्सॲपवर येऊ लागली. झूम सुरक्षित नसल्याचं गृह मंत्रालयाने 16 एप्रिलला कळवलं, तेव्हा कचेरीतल्या निम्म्या मंडळींना ते उघडायला नुकतंच जमलं होतं! रेंज फक्त मागच्या मोहाखाली. तिथे खुर्ची टाकून बसायचं आणि ‘आवाज येतोय का?’ असं विचारत राहायचं.

हळूहळू आवाज यायला लागला. नव्या ॲपांची मेख अशी की चित्र थराथरांत जातं. लाइन अरुंद झाली की वरचा थर गळतो, चेहरा धूसर होतो, पण बोलणं तुटत नाही. लेखकाच्या मते खरी सुधारणा हीच. साहेबांचा चेहरा स्पष्ट दिसावा अशी तालुक्यात कोणाचीच फारशी इच्छा नव्हती.

लाइन मात्र अजून रुसते. कुठे रस्त्याच्या कामात केबल तुटते, कुठे वीज गेली की मागोमाग टॉवर जातो. नोव्हेंबर 2025 मध्ये राज्य सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोलीचं नाव आहे. म्हणजे पुन्हा उपग्रहच, पण साधारण साडेपाचशे किलोमीटरवरचे.

एका पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली आणि भामरागड तुटलं. टॉवर तेवढा शाबूत होता. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येईना. लेखक फोनमध्ये ओरडून परिस्थिती सांगत होता. तिकडे साहेब निवांत.

“अहो, ओरडता कशाला? तुमच्याकडे उघडलेलं दिसतंय. पावसाचा काहीच आवाज नाही.”

ॲपने गोंगाट समजून पाऊस गाळून टाकला होता. लेखकाने फोन उचलला आणि दारात जाऊन कॅमेरा नदीकडे फिरवला.